घरातल्या यंत्रांसाठी पुरुमेंताची तयारी

मे महिन्यातल्या एखाद्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाऊन बघा. सुक्या मिरच्या, सोलं, चिंच, जाडं मीठ, सुकी मासळी. जो तो चार महिन्यांच्या हिशेबाने पिशव्या भरत असतो. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी; ती काय असते, हे गोव्यातल्या मुलाला मुद्दाम शिकवावं लागत नाही. मलाही आईच्या मागे फिरता फिरता ते समजलं. सोलं किती वाळली म्हणजे टिकतात, मिरचीला ऊन कधी दाखवायचं, हे ठाऊक होतं. फ्रीज, मिक्सर, वॉशिंग मशीन यांचंही पावसाआधी काही करायचं असतं हे मात्र ठाऊक नव्हतं, कारण आमच्या डिचोलीच्या घरी ती कामं बाबा रविवारी सकाळी एकटेच उरकत. नोकरीसाठी पर्वरीला भाड्याने फ्लॅट घेतला आणि पहिल्याच जुलैत वॉशिंग मशीन ओल्या चादरी पोटात घेऊन बंद पडलं. त्यानंतर जे जे शिकत गेले ते इथे लिहिते आहे. पहिल्यांदा बिऱ्हाड मांडणाऱ्याला हे सुरुवातीलाच कुणीतरी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

यंत्रासोबत जी पुस्तिका येते तिच्यात 'वर्षातून एकदा सर्व्हिसिंग' असं लिहिलेलं असतं. ती लिहिताना कुणाच्या डोळ्यांसमोर गोव्याचा पाऊस नसतो. आपल्याकडे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. किनाऱ्याजवळ राहत असाल तर खारा वाराही आहे. इथे यंत्र वापरून झिजण्याच्या आधी ओलीने आणि गंजाने जातं. म्हणून कंपनीच्या वर्षाकडे न बघता पावसाकडे बघून कामं लावायची. मोठी कामं मे महिन्यात, छोटी पण नेमाने करायची कामं पावसात, आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गावी जाताना शेवटचा हात.

पायरी पहिली: वही

साधी शंभर पानी वही पुरते. प्रत्येक यंत्राला एक पान. मॉडेल नंबर, सिरियल नंबर, कधी घेतलं, वॉरंटी कधी संपते, आणि खाली दुरुस्तीची नोंद: तारीख, काय बिघडलं, काय बदललं, किती पैसे गेले. यंत्राच्या मागे किंवा दाराच्या आत चिकटवलेल्या पट्टीचा फोनवर फोटो काढून ठेवा, कारण नंतर भिंतीला टेकलेला फ्रीज ओढून नंबर वाचणं फार कठीण जातं. बिलाचा फोटो तर घेतल्या दिवशीच काढा. दुकानातली गुळगुळीत कागदावरची बिलं वर्षभरात पुसट होतात आणि वॉरंटीच्या वेळी हातात कोरा कागद उरतो.

वॉरंटीचा मजकूर नीट वाचा. 'कॉम्प्रेसरवर १० वर्षं' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं तेव्हा बाकीच्या भागांवर बहुधा एकच वर्ष असतं, आणि आपल्याकडे आधी जातो तो यंत्राच्या आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड.

भाड्याचं घर असेल तर आणखी एक पान: घरमालकाचं काय, आपलं काय, आणि मालकाच्या वस्तूची दुरुस्ती कोणी करायची. हे आत जाण्यापूर्वी बोलून घ्या आणि मेसेजवर लिहून घ्या. नंतर गिझर गळायला लागल्यावर बोलायचं झालं तर दोघांचीही मनं कडू होतात.

पायरी दुसरी: वीज

कुठल्याही यंत्राला हात लावण्यापूर्वी घराची वीज तपासून घ्या. मेन बोर्डवर एमसीबीच्या, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचांच्या, रांगेत एक थोडा रुंद स्विच असतो आणि त्यावर 'टेस्ट' किंवा नुसतं 'टी' लिहिलेलं छोटं बटण. तो आरसीसीबी. घरगुती आरसीसीबी साधारणपणे ३० मिलिअँपिअर गळती झाली की वीज तोडतो, म्हणजे ओल्या हाताने शॉक बसला तर जीव वाचवणारी वस्तू तीच. महिन्यातून एकदा ते बटण दाबा. खट्कन वीज गेली पाहिजे. गेली नाही तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा. बोर्डवर आरसीसीबीच नसेल तर घरमालकाकडे तो बसवण्याचा आग्रह धरा आणि त्यात संकोच करू नका.

अर्थिंगचंही तसंच. स्वतंत्र घर असेल तर अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते शोधा. आपली चिऱ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी ठणठणीत होते आणि कोरड्या मातीत अर्थिंग नीट काम करत नाही, म्हणून उन्हाळाभर त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं. फ्रीजच्या किंवा मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते अंगवळणी पाडून घेऊ नका. तो धोक्याचा इशारा आहे.

गिझर, एसी, वॉशिंग मशीन यांना १६ अँपिअरचा मोठा सॉकेट हवा. एकाच मल्टिप्लगवर मिक्सर, किटली आणि इस्त्री लावू नका. प्लग हाताला गरम लागत असेल किंवा सॉकेटभोवती पिवळट-काळा डाग दिसत असेल, तर आतला स्क्रू सैल आहे.

आता विजांबद्दल, कारण हे नव्या माणसाला महागात पडतं. आपल्याकडे जोराचा गडगडाट भर पावसात कमी आणि पाऊस येताना-जाताना जास्त असतो, म्हणजे एप्रिल-मेच्या संध्याकाळी आणि पुन्हा ऑक्टोबरात. एका मे महिन्यात मी ऑफिसात असताना अशीच वीज कडाडली. घरी आले तर राउटर गेलेला. एमसीबी पाडलेली होती, पण विजेचा झटका इंटरनेटच्या तारेतूनही आत येतो हे मला माहीत नव्हतं. त्या दिवसांत घराबाहेर पडताना टीव्ही, राउटर, कॉम्प्युटर यांचे प्लग सॉकेटमधून काढून ठेवा आणि केबलची व इंटरनेटची तारही सोडवा. वीज डोक्यावर कडाडत असताना मात्र प्लगला हात लावायचा नाही. ढग भरून येताना दिसले की तेव्हाच काढायचे.

वीज गेली असताना फ्रीज आणि एसीचे स्विच बंद करा. परत आल्यावर पाच मिनिटं थांबून चालू करा. कॉम्प्रेसरमधला दाब तोवर सारखा होतो. लगेच चालू केला तर त्याच्यावर फार ताण येतो.

पायरी तिसरी: एसी

एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी काढून नळाखाली धुवायची आणि सावलीत वाळवायची. उन्हात ती वाकडी होते. पाच मिनिटांचं काम आहे, आणि एसी नीट गार करत नसल्याच्या कितीतरी तक्रारी तेवढ्यानेच मिटतात.

दुसरी जागा म्हणजे पाणी बाहेर नेणारा पाइप. गोव्याच्या दमट हवेत एसी तासाला बरंच पाणी काढतो, आणि त्या पाइपात हिरवट-काळा बुळबुळीत थर साचतो. तो तुंबला की पाणी उलटं खोलीत येतं. माझ्याकडे एका रात्री ते थेट उशीवर पडायला लागलं. सकाळी ज्या एसीवाल्याला फोन केला त्याने न बघताच सांगितलं, गॅस संपलाय, भरावा लागेल. माझं मन मानेना. समोरच्या इमारतीत काम करणाऱ्या एका वयस्कर मेकॅनिकला विचारलं. त्यांनी पुढचं झाकण उघडलं, खालच्या पन्हळीत साचलेलं पाणी बोट बुडवून दाखवलं आणि म्हणाले, "बाय, गॅस बरो आसा. पायप तुंबला." बाहेरच्या टोकाला तोंड लावून त्यांनी जोरात फुंकर मारली, आणि काळ्या शेवाळाची लांबलचक गुठळी पन्हळीत येऊन पडली. आता मी दर मे महिन्यात पाइपातून आधी व्हिनेगर घातलेलं आणि मग साधं पाणी सोडते.

गॅसबद्दल एवढं पक्कं लक्षात ठेवा: एसीतला गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत असतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती शोधून बुजवल्याशिवाय जो नुसता गॅस भरतो, तो तुम्हाला पुढच्या वर्षी पुन्हा तेवढाच खर्च लावतो. आधी विचारा, गळती कुठे आहे ते दाखवाल का? मग दुरुस्ती, मग नळ्यांमधली हवा पंपाने काढून टाकणं, मग वजनावर मोजून गॅस. हा क्रम पाळणाऱ्याचा नंबर वहीत लिहून ठेवा.

किनाऱ्याजवळ राहत असाल, मिरामार, कांदोळी, कोलवा असं कुठेही, तर बाहेरच्या युनिटच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पात्यांवर मीठ बसतं आणि ती काही वर्षांत भुगा होऊन गळायला लागतात. एमसीबी पाडून हलक्या धारेने गोड्या पाण्याने ती पाती महिन्या-दोन महिन्यांनी धुवा. युनिट हात पोचेल अशा जागी, गच्चीत किंवा बाल्कनीत असेल तरच हे स्वतः करा. भिंतीवर टांगलेल्या युनिटसाठी माणूस बोलवा. बोर्डाच्या डबीला भोक राहिलं असेल तर बुजवून घ्या, कारण उबेला पाली आत शिरतात आणि त्यांच्यामुळे बोर्ड शॉर्ट होतो.

भारतात जानेवारी २०२० पासून घरगुती एसी सुरू केला की तापमान आपोआप २४ अंशांवर येईल असा नियम आहे. ते तिथेच राहू द्या. पावसात गारव्याची गरज नसते तेव्हा 'ड्राय' मोडवर अर्धा-पाऊण तास चालवा. खोलीतली ओल कमी होते आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरत नाही.

पायरी चौथी: फ्रीज

फ्रीजच्या मागे वीतभर जागा सोडा. चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते, आणि तिला चिकटलेला पत्रा पाठीमागून गंजत जातो. मागची काळी जाळी असेल तर प्लग काढून कोरड्या ब्रशने झाडा.

दाराच्या रबराची परीक्षा दहा रुपयांच्या नोटेने करा. नोट दारात धरून दार बंद करा आणि ओढा. अलगद निघून आली तर रबर सैल आहे, बाहेरची दमट हवा आत जाते आहे, आणि फ्रीज दिवसभर थांबत नाही. बहुतेक वेळा रबराच्या घडीत काळी बुरशी आणि चिकटपणा असतो. कोमट पाण्यात थोडं साबणाचं पाणी घालून जुन्या टूथब्रशने घडीघडीतून साफ करा आणि कोरडं पुसा. तरीही नोट सुटली तर रबर बदला.

आणि मागच्या बाजूला, खाली कॉम्प्रेसरवर एक छोटी थाळी असते, जिच्यात वितळलेलं पाणी जमतं. कितीतरी जणांना ती आहे हेच माहीत नसतं. पावसात तिच्यातलं पाणी आटत नाही आणि डेंग्यूचे डास तिथे अंडी घालतात. जूनपासून दर आठवड्याला ती रिकामी करून घासून कोरडी करा. हे काम मी कुठल्याही कारणाने चुकवत नाही.

पायरी पाचवी: वॉशिंग मशीन

माझं मशीन त्या जुलैत थांबलं ते पाणी बाहेर न गेल्यामुळे. समोरून दार असलेल्या मशीनला खाली कोपऱ्यात एक चौकोनी झाकण असतं. त्याच्या आत पंपाचा फिल्टर. मशीन बंद करून प्लग काढा, गरम पाण्याचं धुणं असेल तर पाणी निवू द्या. खाली पसरट ताट आणि जुना पंचा ठेवा. आधी छोटी नळी असेल तर तिच्यातून पाणी ताटात सोडा, मग फिल्टर हळूहळू उलटा फिरवा. माझ्या फिल्टरमधून दोन रुपयांचं नाणं, दोन हेअरपिना, आणि धाग्यांचा-केसांचा ओला बोळा निघाला, मुठीएवढा. तो काढून फिल्टर धुतला, घट्ट बसवला, मशीन सुरू केलं. पाणी धडाधड गेलं. ज्या बिघाडासाठी मी तीन दिवस माणसाची वाट बघत होते त्याला वीस मिनिटं लागली. दर महिन्याला एकदा, पावसात पंधरा दिवसांनी हे करा. वरून उघडणाऱ्या मशीनला आतल्या बाजूला जाळीची पिशवी किंवा डबी असते. ती दर आठवड्याला उलटी करून धुवा.

नळाची नळी मशीनला जोडते तिथेही बोटाच्या पेराएवढी बारीक जाळी असते. पावसात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा तिच्यावर गाळ बसतो आणि मशीन पाण्याची वाट बघत उभं राहतं. नळ बंद करा, नळी सोडवा, जाळी पकडीने अलगद ओढा, ब्रशने घासा, परत बसवा.

साबण कमी घाला, ही माझी सगळ्यांना विनंती. ओपा, साळावली, अस्नोडा इथून येणारं पाणी नदी-धरणाचं, मऊ. मऊ पाण्यात फेस भरपूर होतो. जास्तीचा साबण टबाच्या मागे थर होऊन राहतो आणि तिथेच तो कुबट वास तयार होतो, जो मग धुतलेल्या कपड्यांना लागतो. पाकिटावर लिहिल्याच्या निम्म्याने सुरुवात करून बघा. महिन्यातून एकदा ६० अंशांवर किंवा 'टब क्लीन'वर रिकामं मशीन चालवा. आणि धुणं झालं की दार आणि साबणाचा खण उघडेच ठेवा, दाराचं रबर कोरड्या फडक्याने आतून पुसा. घरात लहान मूल असेल तर मात्र दार उघडं असताना तिथे लक्ष हवं.

पायरी सहावी: स्वयंपाकघर

मिक्सर आपल्याकडे खोबरं वाटण्यासाठी राबतो. सुकं वाटण कोरडंच फिरवत राहिलं की मोटर तापते, म्हणून थोडं पाणी घालून, एका वेळी मिनिटभर, मग थांबून. अचानक बंद पडला तर घाबरू नका. प्लग काढा, मिक्सर उलटा करा, खाली लाल बटण असतं. दहा-पंधरा मिनिटांनी ते दाबलं की बहुधा सुरू होतो. भांड्याच्या तळातून काळपट तेलकट पाणी यायला लागलं तर पात्याखालची बूश गेली आहे. ते पाणी हुमणात, म्हणजे कालवणात, उतरतं, तेव्हा वाट न बघता बदलून घ्या.

गॅसची ज्योत निळी हवी. पिवळी झाली तर बर्नरची भोकं सुईने मोकळी करा आणि बर्नर पूर्ण वाळल्यावरच ठेवा. नळीवर तारीख छापलेली असते. सुरक्षा नळी पाच वर्षांत बदलायची, चीर दिसली तर त्याआधी. सिलिंडर घेताना वरच्या कडीच्या पट्टीवर बघा: ए, बी, सी किंवा डी आणि पुढे वर्ष. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. ती मुदत उलटलेली असेल तर सिलिंडर परत करा. गळतीसाठी १९०६ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

पाण्याचा फिल्टर घेण्याआधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजून घ्या. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. नळाचं पाणी तिच्या कितीतरी खाली असेल तर क्षार काढणाऱ्या आरओची गरज नाही, किरणांनी जंतू मारणारा यूव्ही पुरतो. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असू शकतं, तिथे आरओचा विचार करा. गढूळ पाण्याच्या दिवसांत बाहेरचं पांढरं कॅन्डल तपकिरी झालं की बदलायचं, मग तीन महिने झालेले असोत वा नसोत.

पायरी सातवी: गिझर आणि इन्व्हर्टर

गिझर आंघोळीआधी बंद करा. वर्षा-दोन वर्षांनी आतला ॲनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी कांडी) आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बघून घ्या, विहिरीचं पाणी असेल तर वर्षालाच. गॅसवरचा गिझर बंद न्हाणीघरात असेल तर तो वापरूच नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत दोन-तीन महिन्यांनी पाण्याची पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. फिल्टरचंही चालत नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर इन्व्हर्टर बंद करून ती पुसा आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवा. बॅटरी खेळत्या हवेत ठेवा, देवघराच्या दिव्यापासून लांब.

माणूस बोलावताना

मेच्या शेवटच्या आठवड्यात कुणी मोकळा नसतो, म्हणून एप्रिलमध्येच वेळ ठरवा. काय होतंय ते नेमकं सांगा: आवाज कसा, केव्हापासून, स्क्रीनवर कोणता कोड. किंमत आधी विचारा, बदललेला जुना भाग मागून घ्या, बिल घ्या. अंदाज न देता काम वाढवत नेणाऱ्याला थांबवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. वॉरंटीत असूनही कुणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

चवथीला घर बंद करताना

पाच-सात-अकरा दिवस फ्लॅट बंद राहतो, तोही ओल्या ऑगस्ट-सप्टेंबरात. निघण्याच्या आदल्या दिवशी फ्रीज रिकामा करा, प्लग काढा, आतून पुसा आणि दार पूर्ण मिटू नये म्हणून मध्ये दुमडलेला पंचा ठेवा. खालची थाळी रिकामी करा. वॉशिंग मशीनचा नळ बंद, दार उघडं. गिझर आणि एसीची एमसीबी खाली. टीव्ही-राउटरचे प्लग आणि तारा सुट्या. फिल्टरच्या टाकीतलं पाणी काढून टाका. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून काढून ठेवा आणि सिलिंडरच्या तोंडावर टोपी लावा. इन्व्हर्टर मात्र चालू राहू द्या, नाहीतर बॅटरी आपोआप उतरत जाते. निघण्यापूर्वी तिची पातळी तेवढी बघा.

परत आल्यावर दिव्याच्या बटणाला हात लावण्याआधी दार उघडून उंबऱ्यातच थांबा आणि गॅसचा वास येतो का बघा. मग खिडक्या उघडा, तासभर वारा फिरू द्या, आणि मग एक एक प्लग लावत जा, फ्रीज सगळ्यात आधी.